चौदाव्या पानावरचा दिवा

सरांनी माझा आलेख घेतला त्याला चार वर्षं झाली. आलेख तसा साधा होता. दुखऱ्या स्नायूवर लेसरचा प्रकाश टाकला की एका मर्यादेपर्यंत आराम वाढत जातो आणि त्यापुढे कमी व्हायला लागतो. ती मर्यादा शोधायला मला अकरा महिने लागले. शोधनिबंध छापून आला तेव्हा वर सरांचं नाव होतं, मग त्यांच्या भाच्याचं. भाचा प्रयोगशाळेत फोटो काढण्यापुरता यायचा. मी विचारायला गेले तर सर हसत म्हणाले, "अगं, तू आमची मोजपट्टी. मोजपट्टीचं नाव कोणी छापतं का?"

तेव्हापासून विभागात सगळे मला मोजपट्टी म्हणू लागले. मीही ओ देऊ लागले.

मग मोठी चाचणी आली. गोदामात खोकी भरून ज्यांचे खांदे गेलेत, अशा एकशेवीस जणांवर उपचार करायचे. निम्म्यांना खरा लेसर, निम्म्यांना खोटा; कोणाला कोणता ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. हातात धरायचे दोन प्रोब, म्हणजे प्रकाश सोडणारे दांडे, एकावर अ, दुसऱ्यावर ब. दोन्हींच्या टोकाला सारखाच लाल ठिपका दिसतो. खरा उपचाराचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे कोणता प्रोब खरा हे ना रुग्णाला कळतं, ना उपचार करणाऱ्या फिजिओला, ना सरांना. ते फक्त मला माहीत होतं, कारण दर सोमवारी मीटर लावून प्रोबची ताकद मोजणं माझं काम. आणि ते एका बंद पाकिटात लिहिलेलं होतं. ते पाकीट संख्याशास्त्राच्या बाईंच्या कपाटात होतं.

प्रोब मीच तयार केले. चाचणीच्या आराखड्यात चौदाव्या पानावर मी लिहिलं, की खोट्या प्रोबमध्ये एक अगदी क्षीण दिवा बसवला जाईल. उपचारासाठी त्याचा शून्य उपयोग, पण मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर तो जांभळा उजळलेला दिसेल. आमच्या खऱ्या लेसरचा प्रकाश अशा जातीचा, की मोबाईलचा कॅमेरा तो जवळजवळ गाळून टाकतो. कोणी चोरून बघायला गेलंच तर फसावं, असं कारण मी दिलं. खरं तर तसाच दिवा खऱ्या प्रोबमध्येही बसवला असता तर कोणी फसलं नसतं आणि कोणाला काही कळलंही नसतं. मी बसवला नाही. तेही त्याच पानावर लिहिलं होतं. संस्थेच्या नीतिसमितीने वाचून मान्यता दिली. सरांनी एकतीस पानांवर एकतीस सह्या केल्या, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून.

तिसऱ्या आठवड्यात मी मीटर आणायला उपचाराच्या खोलीत गेले. पडदे ओढलेले होते. सर एका हातात ब आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून उभे होते.

"काय गं, मोजपट्टी?"

"मीटर विसरले होते, सर."

"घे ना, घे." मोबाईल खिशात गेला.

त्यानंतर ब चे वापराचे तास वाढायला लागले. प्रोबच्या आत तास मोजणारी सोय असते. सर ताजं दुखणं असलेली, लवकर बरी होणारी माणसं ब कडे सरकवत होते आणि जुनाट खांदे अ कडेच ठेवत होते. फिजिओला त्यांनी "यादी बदलली आहे" एवढंच सांगितलं होतं. मी दर सोमवारी तासांचे आकडे तारखेसह नोंदवहीत लिहीत गेले. ती वही कोणीही वाचत नसे. तोंडाने मी कोणालाही काही सांगितलं नाही. सहा आठवडे. रोज घरी जाताना मला हलकं वाटायचं.

पाकीट उघडायच्या दिवशी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. बाईंनी पडद्यावर निकाल दाखवला. ब गटाचं दुखणं अ पेक्षा कितीतरी कमी झालं होतं. कंपनीच्या माणसाने सरांचा हात हातात घेतला. मग बाईंनी पाकीट फोडलं.

"अ खरा," त्या म्हणाल्या. "ब खोटा."

कंपनीच्या माणसाने हात सोडला. सर म्हणाले, "दहा मिनिटं चहा घेऊ."

त्यांनी मला जिन्यात गाठलं. "लेबलं उलटी लागलीत तुझ्याकडून."

"शक्य आहे," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर मीटर लावून मोजते. चुकली असतील तर माझी चूक म्हणून लिहून देते."

त्यांच्या खांद्यावरून ओझं उतरलेलं मला दिसलं. "शहाणी आहेस. मी विसरणार नाही हे."

"विसराल म्हणूनच म्हणते, आधी आलेखाचं पत्र पाठवा. निबंध छापणाऱ्या संपादकांना. आत्ता."

"आत्ता? इथे?"

"मीटर गरम व्हायला दहा मिनिटं लागतात, सर."

जिन्याच्या कठड्याला टेकून त्यांनी मोबाईलवर लिहिलं आणि मला दाखवलं. आलेख आणि त्यामागचं सगळं काम हिचं आहे, हिचं नाव वगळलं गेलं, वगैरे.

"'वगळलं गेलं' नाही. 'मी वगळलं.'"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुरुस्ती केली. पत्र गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खोलीत मी मीटर टेबलाच्या मधोमध ठेवला. अ लावला. आकडा चढला आणि जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. ब लावला. आकडा शून्यावरून हललासुद्धा नाही.

"पुन्हा," सर म्हणाले.

मी पुन्हा लावला.

"मीटर बिघडलाय. ब मोबाईलमध्ये लख्ख उजळतो, मी स्वतः..."

ते थांबले.

"तुम्ही स्वतः काय?" बाईंनी विचारलं.

मी आराखड्याचं चौदावं पान उघडून सरांपुढे सरकवलं. "ही सही तुमचीच ना, सर?" मग नोंदवही दिली, सोमवारच्या पानांवर खुणा घालून. त्यांनी वाचायला सुरुवात केली. माझं लिहिलेलं ते पहिल्यांदाच वाचत होते. मी त्यांचा चेहरा बघत राहिले आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

चाचणी रद्द झाली. सर रजेवर गेले, ते परत आले नाहीत. चाचणी नीट झाली असती तर मी शोधलेली मर्यादा एकशेवीस खांद्यांवर तपासली गेली असती. आता तो प्रश्न तसाच पडून आहे.

ब कडे सरकवलेल्या सतरा जणांना फोन करायचं काम मी मागून घेतलं. त्यातल्या खोकी बांधणाऱ्या एका मावशींनी ऐकून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सरळ येऊन समोर बसल्या.

"म्हणजे सहा आठवडे माझ्यावर नुसता दिवा फिरवला?"

"हो."

"माझी चिठ्ठी खऱ्याची निघाली होती?"

"हो. अ ची."

त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. छातीपर्यंत आला आणि अडला. "केस विंचरायला सुनेला हाक मारते मी. तुला माहीत होतं, हे चाललंय ते?"

नाही म्हणता आलं असतं. नोंदवहीत कुठेही मावशींचं नाव नव्हतं, फक्त तास होते.

"माहीत होतं," मी म्हणाले. "मला सर पकडले जायला हवे होते."

"मग पकडलेस?"

"पकडले."

"बरं झालं तुझं." त्या उठल्या, खुर्ची दाराकडून भिंतीकडे ओढली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. "आता माझं बघ. आणि खरा कोणता ते मला दाखवून लाव."

मी अ मीटरवर धरला. त्यांनी मान वळवून आकडा वाचला, मोठ्याने, मग पदर खांद्यावरून बाजूला केला.