दाराच्या फटीतला टॉवेल

मंजुळाबाई अडीच किलोच्या कोंबड्याला आलं-लसूण चोळत होत्या, तेवढ्यात त्यांचा मुलगा प्रशांत फोन घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आई, हे राहू दे. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, कुणी नॉनव्हेज शिजवू नये, वास जातो. नम्र विनंती आहे."

"विनंतीच आहे ना? मग मी नाही ऐकत. झालं."

"आपण नवीन आहोत गं इथे. पनीर मागवतो."

पनीर! मंजुळाबाईंचं डोकंच फिरलं. लेक रचना तीन वर्षांनी अमेरिकेहून आलेली, नऊ वर्षांच्या सान्वीला घेऊन, आणि शनिवारी परत निघणार होती. तिकडे म्हणे नोव्हेंबरातल्या या गुरुवारी सगळं घर एका टेबलाशी बसतं, मधोमध भाजलेला पक्षी असतो, आणि जेवायच्या आधी प्रत्येकाने थँक्स म्हणायचं. थँक्सगिव्हिंग! ते झालं की मगच ख्रिसमसचे दिवे लावायचे. सान्वीने माजिवड्याहून आणलेला कागदी तारा दाराबाहेर टांगूनही ठेवला होता, पण जेवणाआधी पेटवायचा नाही असा तिचा कडक कायदा. तो टर्की पक्षी इथे कोलशेतला कुठला मिळायला? कोंबड्यावर भागवू, असं आजी-नातीचं ठरलं होतं. आता ही चार माणसं पुन्हा एका टेबलाशी कधी बसणार, कोण जाणे. आणि हा म्हणतो पनीर.

"ज्यांचा उपास आहे त्यांनी खुशाल करावा," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी काय त्यांच्या पूजेत रस्सा ओतायला चाललेय? गप्प बस आणि कांदे सोल."

संध्याकाळी जाड बुडाच्या पातेल्यात कोंबडा खरपूस व्हायला लागला. घरच्या काळ्या मसाल्याचा असा घमघमाट सुटला की सान्वी ओट्याजवळून हलेना. मीठ बरोबर आहे का ते प्रशांतला चाखायला द्यावं म्हणून मंजुळाबाई बाहेर आल्या, तर घरभर खिडक्या बंद. आणि प्रशांत दाराशी गुडघे टेकून फटीत ओला टॉवेल कोंबत होता.

मंजुळाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

ठाकुर्लीच्या भाड्याच्या खोलीत त्या अशाच खिडकी लावून सुकट भाजायच्या. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं काम सहा वर्षांच्या प्रशांतचं. घरमालकीण जिन्यात उभी राहून विचारायची, "काय शिजतंय आज?" तेव्हा काय सांगायचं, तेही त्यांनीच पढवलेलं: "वरणभात." खोली गेली असती तर जायचं कुठे? पोरगं शहाणं, कधी चुकलं नाही. आता तेच पोरगं बेचाळीस वर्षांचं झालं होतं, फ्लॅट त्याच्या नावावर होता, आणि हात अजून तेच करत होते. शेजाऱ्यांवरचा राग राहिला बाजूला, मंजुळाबाईंना स्वतःचाच राग आला.

"प्रशांत, काय करतोयस रे?"

तो हातातल्या टॉवेलकडे बघतच राहिला. आपण काय करतोय ते जणू त्यालाही आत्ताच कळलं होतं.

"ऊठ. मी शिकवलं ते चुकीचं शिकवलं. तेव्हा इलाज नव्हता. आता कुणाच्या बापाला घाबरायचं नाही." त्यांनी टॉवेल ओढून काढला, बाल्कनीत वाळत टाकला आणि सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्या.

"आई, अगं जरा हळू," रचना म्हणाली.

"हळू कशाला? चोरी केलीय का आपण?"

बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल मांडलं. सान्वीने आजीला थँक्स म्हटलं, रचनाने दादाला. प्रशांतची पाळी आली, तर तो ताटाकडेच बघत बसला. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी सुधीरराव. कपाळाला कुंकू, चेहऱ्यावर गोड हसू. "प्रशांत, वास फार येतोय हो. काय शिजतंय आज?"

अगदी तेच शब्द! मंजुळाबाई तोंड सोडायला उठल्याच, पण पाय जागीच थांबले. प्रशांतची मान खाली गेली होती. आता हा म्हणणार, वरणभात. त्यांना ते आधीच ऐकू आलं.

"कोंबडी," प्रशांत म्हणाला.

मग मान वर करून पुन्हा म्हणाला, चांगला मजल्यावर ऐकू जाईल असा. "कोंबडी. माझ्या आईने केलीय."

"अहो, पण आज गुरुवार..."

"माहितेय. तुमची पूजा नीट होऊ दे, काका. आमचं जेवण व्हायचंय."

सुधीररावांचं हसू मावळलं. ते काहीतरी पुटपुटत लिफ्टकडे गेले. प्रशांतने दार लावलं नाही. हात बाहेर घालून त्याने ताऱ्याचं बटण दाबलं.

"मामा!" सान्वी ओरडली. "अजून नाही! तुझं थँक्स राहिलंय!"

"आत्ताच म्हटलं की मी," प्रशांत म्हणाला. "दारात. तुझ्या आजीला."

मंजुळाबाईंनी डोळे पदराला पुसले आणि कोंबड्याची तंगडी मोडून त्याच्या ताटात वाढली.