बनूबाईचं मत

आमचा मर्यादा पक्ष एवढासा, की अख्खा पक्ष एका टेम्पोत बसून सत्यनारायणाला जाऊन यायचा. बदलापुरात बेलवलीला पिठाच्या गिरणीवर ऑफिस. नगरपालिकेत कुणी कधी निवडून आलं नाही, पण बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा हा ठराव दरवर्षी एकमताने पास.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आमचे संस्थापक अण्णा गेले आणि अध्यक्षपदाला दोघे उभे राहिले. एक पालेगावचा अमित, जमिनींचे सौदे करणारा. दुसरे आमचे हे.

महिला आघाडी म्हणजे मी, शेजारची बनूबाई आणि आणखी तिघी-चौघी. पापड लाटता लाटता आम्ही दोघांना तोललं. अमितकडे गाडी, ओळखी. पण एकादशीला त्याला बुर्जीच्या गाडीवर पाहिलेलं. यांनी पक्षापायी फॅक्टरीतलं प्रमोशन सोडलेलं. बनूबाई म्हणाली, यांच्यासारखा माणूस नाही, माझ्या नातवंडांचीसुद्धा नावं पाठ आहेत त्यांना.

मी पापड उलटत राहिले. त्याच आठवड्यात हे भाजी आणायला म्हणून गेले, ते थेट अंबरनाथला बुवापाड्यात. आम्ही केव्हाच सोडलेल्या खोलीचं दार वाजवत उभे होते, आणि आत मी का उघडत नाही म्हणून चिडले होते. जुन्या शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आणून सोडलं.

मी म्हटलं, नाव मागे घ्या. तर म्हणाले, मला काय झालंय? जन्मभर सतरंज्या उचलल्या, एकदा खुर्चीवर बसू दे. तेही खोटं नव्हतं.

अण्णांच्या शिस्तीत चिठ्ठी नव्हती. उभं राहून उमेदवाराचं नाव घ्यायचं. पण बाई नवऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून उमेदवाराची बायको गप्प राहिली, की ते मत नवऱ्याला. म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं.

माझी पाळी शेवटची. तोवर दोघांची मतं सारखी झालेली. सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले, हारवाला तर यांच्या दिशेने निघालाच. तेवढ्यात हे माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "अण्णा कसे आले नाहीत गं अजून?"

समोरच अण्णांचा फोटो होता, ताज्या हारातला. उद्या हे माइकवर असंच विचारतील, आणि ज्यांना यांनी भाषण करायला शिकवलं तेच तोंड फिरवून हसतील.

"अमित," मी म्हणाले.

बनूबाईने माझ्याशी बोलणं टाकलं, घरी येणंही.

दोन दिवसांनी यांनी विचारलं, "एका मताने गेलं. कोण फिरलं असेल गं?" मी खरं सांगितलं. त्यांचा चेहरा पाहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं, आणि तो चेहरा परत बघायचं माझ्यात बळ नव्हतं.

"बनूबाई," मी म्हटलं.

तेव्हापासून हेच चालू आहे. ते विचारतात, मी बनूबाई म्हणते. ते थोडा वेळ खिडकीबाहेर, तिच्या दाराकडे बघत बसतात.

"तरीच हल्ली येत नाही," काल म्हणाले. "तिचीही काही अडचण असेल. तिला सांग, माझा राग नाही."