खाण्याची सोंगं

टाचणीला त्या रविवारी खरं तर नुसतं झोपायचं होतं. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत ती ऑल्टरचं काम करायची. कुणाची पॅन्ट आखूड कर, कुणाचं जाकीट कमरेत सैल कर. त्या आठवड्यात शाळांच्या गणवेशांचा ढीग येऊन पडला होता. मान आखडली होती, बोटांची टोकं बधिर झाली होती आणि जेवण म्हणाल तर मशीनशेजारी उभ्या उभ्या चार घास. घरी आलं की सासऱ्यांचं सगळं. गुडघ्यांनी त्यांना खुर्चीला जखडून टाकलं होतं. नवरा पाणीपुरवठ्यात, त्याला रविवारचीही ड्यूटी.

आणि त्यात मास्तरनं हे सोंगांचं खूळ काढलेलं.

मास्तर, पोस्टातली, टाचणी आणि पळी, अशी एकमेकांना नावं पाडलेली ही चौघं तरुणपणी एकाच इमारतीत भाड्याच्या खोल्यांमध्ये राहायची. पळी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. उंच, काटकुळी, खांद्यापासून खाली सरळ, म्हणून ते नाव. दिवसभर परक्यांसाठी रांधून आली तरी संध्याकाळी या तिघांसाठी पुन्हा शेगडी पेटवायची. पुढे लग्नं झाली, घरं लांब गेली, पण भेटायचं म्हणजे पळीच्या हातचं खायचं, हे काही सुटलं नाही.

मग पळीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण गिळणंही गेलं. पोटाला नळी बसवली. पोटात जायचं ते तिच्यातूनच. तेव्हापासून चौघं एकत्र जमलीच नव्हती. बोलवायचं कुठं आणि बोलावून करायचं काय? तिच्यासमोर घास कसा उचलायचा?

"आपण खायचंच नाही," मास्तर फोनवर म्हणाला. "आपणच खाणं व्हायचं. कुणी बटाटा, कुणी मिरची. ती हसेल गं."

"आणि ही सोंगं शिवायची कुणी?"

कल्पना मास्तरच्या आणि कष्ट टाचणीचे, ही जुनीच रीत होती.

तिनं शिवली. अस्तराच्या उरलेल्या जांभळ्या-पांढऱ्या तुकड्यांचे थरावर थर लावून स्वतःसाठी कांदा केला. पोस्टातलीसाठी हिरवी मिरची, डोक्यावर देठासकट. सासऱ्यांना पांढऱ्या चादरीत गुंडाळून पिवळी टोपी घातली आणि सांगितलं, "बाबा, तुम्ही उकडलेलं अंडं."

"या वयात आणखी काय उकडायचं राहिलंय?" सासरे म्हणाले, पण टोपी त्यांनी काढली नाही.

सकाळपासून तिनं स्वयंपाकघर घासूनपुसून ठेवलं होतं. फोडणीचा वास राहू नये म्हणून खिडक्या सताड उघडल्या, फळांची परडी कपाटात ढकलली. सासऱ्यांना दूध-पाव देऊन ती जरा टेकते न टेकते तोच बेल वाजली.

मास्तर गोणपाट पांघरून आला होता, मागोमाग डोक्यावरचा देठ सावरत पोस्टातली. "बटाटा," त्यानं स्वतःच सांगितलं.

"गोणपाट कशाला वाया घालवलंस? नुसता आला असतास तरी ओळखलं असतं," पोस्टातली म्हणाली. तिघं हसली आणि मग नुसतीच बसून राहिली. टेबल मोकळं होतं. हातांना काही काम नव्हतं. इतक्या वर्षांच्या गप्पा ताटाभोवतीच झाल्या होत्या, हे त्यांना आत्ता कळत होतं.

पळीला तिचा नवरा दारात सोडून गेला. ती अर्धी उरली होती. गळ्याभोवती रुमाल, अंगात रोजचेच कपडे. तिनं एकेकाला नीट निरखलं आणि घोगऱ्या आवाजात खरंच हसली.

"तू कोण झालीस?" मास्तरनं विचारलं.

"गिऱ्हाईक. सगळेच भाजीपाला झालात, तर घ्यायला कुणी नको?"

पुन्हा हशा झाला आणि पुन्हा विरला. मास्तरनं शाळेतला एक किस्सा सांगितला. तो सगळ्यांना पाठ होता. टाचणीची पाठ ठणकत होती. ही मंडळी कधी जातील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, पाहुण्यांना जेवायला काय केलंयस?"

"बाबा, सगळे जेवून आलेत."

"मी नाही बुवा. मला कुठं जेवायला दिलंस? दूध-पाव म्हणजे काय जेवण झालं?"

नेमक्या त्याच वेळी पोस्टातलीचं पोट गुरगुरलं. शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पळीनं टाचणीकडे पाहिलं. "घरात काहीच शिजलेलं नाही?"

"म्हटलं, तुला त्रास नको."

"त्रास!" पळीचा आवाज फाटला. "घरी नवरा बाल्कनीत जाऊन पाव खातो, चोरासारखा. पोरगी माझ्यासमोर बिस्किटसुद्धा फोडत नाही. आता तुम्हीही उपाशी बसलात. अगं, मला गिळता येत नाही, बाकी सगळं येतं. नाक आहे, हात आहेत. कुणीतरी पोटभर जेवताना मी शेवटचं कधी पाहिलं, तेही आठवत नाही."

मास्तर गोणपाटाचा धागा ओढत राहिला.

"तांदूळ कुठं आहेत?" पळी उठली.

टाचणी मागोमाग धावली. तांदळाचा डबा काढून दिला, बटाटे, अंडी, कांदे पुढं ठेवले आणि सुरी उचलली.

"ठेव ती. कांद्यानं कांदा कशाला चिरायचा?"

"अगं, तू दमशील."

"दमेन की. ऑपरेशन माझं झालं आणि तोंड तुझं उतरलंय. आरशात बघतेस का कधी? बस तिथं."

टाचणी स्टुलावर बसली. 'बस' असं तिला घरीदारी किती दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. बसल्यावर पाय आपोआप पसरले. पळी सावकाश चिरत होती. मध्येच ओट्याला टेकून श्वास घेई, पण कुणाला हात लावू देत नव्हती. कांदा तेलात पडला तशी ती कढईवर वाकली आणि डोळे मिटून तो वास छातीभर घेतला. टाचणीनं मान वळवली. मग पुन्हा पाहिलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

"मीठ बघ," पळीनं चमचा पुढं केला.

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान."

भात, बटाट्याचा रस्सा आणि वर तळलेली अंडी. मिरची, बटाटा आणि कांदा टेबलाशी बसले. अंड्याची खुर्ची मास्तरनं ओढून आणली. पहिला घास सासऱ्यांनी घेतला आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

टाचणी सावरायला गेली. पण पळी टेबलावर हात आपटून हसत सुटली, इतकी की खोकला लागला. "बघ!" ती टाचणीला म्हणाली. "गेल्या वर्षभरात माझ्याशी खरं बोललेला हा पहिला माणूस."

मग सगळेच जेवायला लागले. रस्सा खारट होताच. मास्तरनं त्यात आणखी भात घेतला आणि भुरके मारत खाल्ला. पोस्टातलीचा देठ ताटात पडला, तो तिनं बाजूला सारला. पळी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

थोड्या वेळानं तिनं पिशवीतून दुधासारख्या पातळ अन्नाचा डबा आणि मोठी सिरिंज काढली. हे ती नेहमी दार लावून करायची. टाचणी अर्धवट उठली. "आतल्या खोलीत चल, पडदा ओढते."

"कशाला? सगळे इथंच जेवताहेत ना?"

तिनं पदराआडून नळी बाहेर घेतली, सिरिंज जोडून उंच धरली आणि थोडं थोडं ओतायला लागली. मास्तरचा हात ताटातच थांबला.

"खा रे," ती म्हणाली. "गार होतंय."

तो खाली बघून खायला लागला. सिरिंजमधलं ते दुधाळ अन्न हळूहळू उतरत होतं. कुणी बोलत नव्हतं, आणि आता ते कुणाला खटकतही नव्हतं. टाचणीचं ताट रिकामं झालं होतं. डोळे मिटत होते, पण भूक अजून होती. एरवी ती आधी सगळ्यांना काय हवं-नको ते बघायची.

"पळे, मला अजून वाढ," ती म्हणाली.

"थांब, माझं होऊ दे."

टाचणी ताटावर हात ठेवून थांबली.