खालची नळी

कोमट. अंघोळीच्या पाण्याइतकीही ऊन नाही. कौसल्येनं तळवा उचलला, साडीवर चढवलेल्या नवऱ्याच्या जुन्या शर्टाला पुसला आणि पुन्हा त्या मनगटाएवढ्या जाड रबरी नळीवर ठेवला. तळव्यानंच काहीतरी चुकीचं सांगितलं असावं, अशी तिची आशा होती. पण नळी कोमटच होती. इंजिनापाशी कान नेला तर भाजेल अशी धग आणि रेडिएटरमधून इंजिनाकडे परत जाणारी ही खालची नळी मात्र सावलीत ठेवलेल्या तांब्यासारखी स्वस्थ… आणि गाडीतला पाण्याच्या तापमानाचा आकडा तर एकशे बारा म्हणत होता.

दोन फेऱ्या गाडी देखणी पळाली होती. तिसरीत, लांब सरळ रस्त्यावर, तिनं अंग चोरलं. कौसल्या तसंच म्हणायची. कारण ही गाडी ट्रकासारखी वाफ सोडून बोंब मारत नाही. पाणी फार तापलं की तिच्यातला संगणक गुपचूप ताकद काढून घेतो, चालवणारा पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि गाडी लग्नात रुसलेल्या मावळणीसारखी सावकाश चालते. भिगवणच्या अलीकडे, माळावर बांधलेल्या या खाजगी ट्रॅकवर, आठवडाभरात पाचव्यांदा.

गाडी पणदऱ्याच्या इंद्रजितची. पिवळी, बसकी, जुनीच घेतलेली, पण परदेशी. त्याच्या घरच्या दुधाच्या टँकरांचे रेडिएटर कौसल्या बारामतीतल्या आपल्या दुकानात पंचवीस वर्षं डागत आली होती, म्हणून त्यानं हिचंही काम तिलाच दिलं होतं. मित्र हसले होते. तिनं मोबाइलवर बघून बघून, तीन पत्रे जाळून, अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग शिकून मोठा रेडिएटर बनवला होता — तेव्हाही ते हसले होते. आणि आज इंद्रजितनं पुण्याहून श्रेयाला बोलावलं होतं. ती इंजिनिअर, गाडीला लॅपटॉप जोडून बसलेली. आज कारण सापडलं नाही तर गाडी कायमची पुण्याला.

“काकू, तुमच्या रेडिएटरमध्ये दोष नाही,” श्रेया पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “इकडची हवाच बेचाळीस अंशांची. मी सॉफ्टवेअरमधून ताकद थोडी कमी करून देते, मग तापणार नाही.”

“थोडी म्हंजी किती?”

“वीस टक्के.”

“म्हणजे शेण फार पडतंय म्हणून म्हशीची पेंड कमी करायची,” इंद्रजित म्हणाला आणि हेल्मेट टायरांच्या ढिगावर आपटलं. “करा. तसं तर तसं.”

तुमच्या रेडिएटरमध्ये दोष नाही. केवढं स्वस्तात मिळालेलं वाक्य… ते घ्यावं, हत्यारांचा डबा उचलावा, अडीचला निघावं, चारपर्यंत बारामती. ऊन काय, साऱ्या मुलखाचं आहे, ते कुणाच्या नावावर थोडंच लिहिलेलं असतं? पण ही खालची नळी. पाणी रेडिएटरमधून फिरत असतं तर ही गरम लागली असती. फिरत नाही. मग पंप ढकलतोय ते पाणी जातंय कुठं? — लहानपणी उसाला पाणी देताना पुढच्या सरीत पाणी पोचलं नाही की आई म्हणायची, पुढं काय बघतीस, मागं बघ, कुठंतरी पाट फुटलाय. कौसल्येनं इंजिनाच्या कुशीत हात घातला. तिथे अंगठ्याएवढी एक आखूड नळी होती, इंजिनातून निघून इंजिनातच परत जाणारी. बोट टेकलं आणि चटका बसला.

बोट तोंडात धरून ती उभी राहिली. आता तिला कळलं होतं आणि कळायला नको होतं.

थर्मोस्टॅट. मुठीएवढी झडप, इंजिन गार असेतो रेडिएटरची वाट बंद ठेवते, तापलं की उघडते. कौसल्येनं ती पहिल्याच दिवशी काढून डब्यात टाकली होती. विचारसुद्धा न करता, जसं घरात शिरताना चप्पल काढावी. तिच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीची ती काढतेच. लियाकत उस्तादांचा पहिला धडा तो. “कौसल्या, ही थंड मुलखातली चीज हाय. तितं इंजिन तापत न्हाय म्हणून बसवत्यात. आपल्याकडं वर सूर्य बसलाय की, फुकटचा. काढ आन् फेक.” पण ही झडप उघडते तेव्हा तिचं खालचं झाकण ती आखूड वाट बंद करतं. झडपच नाही म्हटल्यावर आखूड वाट उघडी. पाणी इंजिनाभोवतीच घिरट्या घालतंय, गरमचं गरम, आणि मी बनवलेला एवढा मोठा रेडिएटर बाहेर नुसता पाहुण्यासारखा बसलाय.

मग सांगावं — उस्तादांनी शिकवलं तसं केलं. खोटं नाही. ते आता इंदापूरला मुलाकडे असतात, कानानं कमी, इथलं काही त्यांना ऐकू जाणार नाही…

आणि नेमके तेव्हाच त्यांचे हात आठवले. काळे, नखं तुटलेली. झडप काढल्यावर पितळेची एक चकती ते त्या आखूड वाटेच्या भोकात बसवायचे, हातोडीचे तीन हलके ठोके द्यायचे. “हे बुजवल्याबिगर काम पुरं न्हाय.” बुजवायचे. दर वेळी. तिनं स्वतःचं दुकान काढल्यावर पहिलं वर्षभर बुजवलं, मग एकदा चकती संपली होती, गाडी घाईची होती… काही झालं नाही. दुसऱ्या गाडीलाही काही झालं नाही. ओझी वाहणाऱ्या, रमत जाणाऱ्या गाड्या; त्यांनी बिचाऱ्यांनी सोसलं. अर्धा धडा घेऊन मी पंचवीस वर्षं उस्तादांचं नाव सांगत फिरले.

“इंद्रजित,” ती म्हणाली, “ऊन न्हाय. चूक माझी हाय.”

आणि सगळं सांगितलं. चकतीसकट. सांगताना आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो उलट चढला, भांडताना चढतो तसा. श्रेयाचे हात लॅपटॉपवर थांबले. ती उठून आली, तिनं आधी जाड नळीला हात लावला, मग बारीक नळीजवळ नेऊन मागे घेतला.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “हे माझ्या लक्षात आलं नसतं. कुणालाच कळलं नसतं.”

“मला कळलं हुतं की.”

इंद्रजितनं ढिगावरचं हेल्मेट उचललं. मग म्हणाला, “चार महिने. चार महिने मी पोरांना सांगतोय, आमच्या काकूंच्या हाताला तोड नाही.”

“ते तू सांगितलंस. मी न्हाय सांगितलं.”

“आता पुण्यालाच नेतो. चारला ट्रक बोलावतो.”

“ने. पर नीट झाल्यावर ने. काढलेली झडप ह्या डब्यात हाय, तिचं रबर नवं हाय. माझ्या हातनं बिघडलेली गाडी बिघडलेलीच दुसऱ्याच्या दारात जाणार न्हाय. आन् तिची ताकदबी कुणी कमी करायची न्हाय, सांगून ठेवते.”

फोन कानाला लावून इंद्रजित कुंपणाकडे चालत गेला. कौसल्येनं पोतं अंथरलं आणि पुढच्या चाकाशी बसली. गरम इंजिन उघडता येत नाही. निदान पाऊण तास थांबायला हवं. मग झडप, मग पाणी, मग त्यातली हवा काढायची. चारपर्यंत होईल? घासून होईल. किंवा नाही होणार.

लाज वाटायला हवी होती. ती शोधत होती, सापडत नव्हती. त्याऐवजी गाड्या आठवत होत्या — वालचंदनगरचा तो ट्रॅक्टर, भिगवणच्या मासळीचे दोन टेम्पो, पणदऱ्याचा बिरदेव चालवतो तो टँकर. बिरदेव तंबाखू मळत म्हणेल, आक्का, गाडी तर झ्याक चालतीया, कशाला उकरून काढता? हसेल. अड्ड्यावर जाऊन सांगेल, आक्काला म्हातारचळ लागला. सांगू दे. टँकर घाट चढताना दम खातो, हे तो गेली सहा वर्षं तिला सांगत होता आणि ती म्हणत होती, वय झालं त्याचं… वय! कुणाचं वय झालं होतं आणि कुणाची फक्त वाट उघडी राहिली होती, हे एकेकाला उघडून बघायचं. बिरदेव पहिला. सोमवारी. त्याला नको असलं तरी.

कुंपणापाशी इंद्रजित कुणाशी तरी जोरात बोलत होता. कौसल्येनं ते ऐकलं नाही. ती बोटांवर गाड्या मोजत होती, आणि बोटं कमी पडत होती.