पुलाजवळचे शिंपी

"मोठ्यानं वाच, पोरी! इथं कापडालासुद्धा ऐकू येत नाहीये!"

शिवणयंत्राच्या खडखडाटावर चढलेला तो आवाज तिच्या कानात अजून ताजा होता. लहानपणी ती घुमी. चारचौघांत बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायची. शेजारच्या शिंपीकाकांनी तिला दुकानाच्या उंबऱ्यावर बसवलं, हातात जुना पेपर दिला आणि मशीन काही थांबवलं नाही. मशीनच्या वर आवाज जाईपर्यंत तिची सुटका नसे.

आता तिचा आवाज गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रातून निघायचा आणि स्वयंपाकघरांत, दुकानांत, गोठ्यांत जाऊन बसायचा. नळाला पाणी कधी येणार, कोणाची सायकल हरवली, कोणाला मुलगी झाली, कोण वारलं, सगळं तीच सांगायची. केंद्र म्हणजे दोन खोल्या. फोन तिनंच घ्यायचा, माइकपुढेही तिनंच बसायचं.

त्या दिवशी सकाळी फोन आला. पलीकडे कोणीतरी हुंदके देत होतं. "पुलाजवळचे म्हातारे शिंपी वारले हो…"

तिनं पुढे काही विचारलं नाही. बातम्यांच्या वेळी माइकपुढे बसली आणि शिंपीकाकांच्या निधनाची बातमी संथ, स्वच्छ आवाजात वाचली.

थोड्याच वेळात फोन पुन्हा खणखणला.

"रेडिओ का? मी वारलोय तो शिंपी बोलतोय."

आवाज काकांचाच होता. पुलाच्या अलीकडे काकांचं दुकान, पलीकडे दुसऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्यांचं. गेले होते ते पलीकडचे. तिनं लगेच माइक सुरू करून चूक सुधारली, दोन्ही घरांची माफी मागितली. कार्यक्रम संपल्यावर आधी पलीकडच्या घरी जाऊन आली आणि मग काकांचं दुकान गाठलं.

काकू दारातच भेटल्या. "ये बाई. भेटायला आलेल्यांना चहा करून करून माझीच पाळी आलीये जायची. आणि यांची भूक बघ, मेल्यापासून दुप्पट!"

तिला हसू फुटलं. काका मात्र मान खाली घालून बटण लावत राहिले.

"काका, चुकलं माझं."

"चुकीचं काय घेऊन बसलीस? कधी ना कधी वाचावं लागणारच होतं ते." त्यांनी दातानं दोरा तोडला. "पण मी इथंच बसून ऐकलं ना. आज पाणी येणार नाही, हे सांगतेस ना, अगदी तसंच वाचलंस. आवाज तसूभर हलला नाही. म्हटलं बरंय, आपली किंमत तेवढीच."

"अहो, बातम्या काय रडत वाचतात?" काकू म्हणाल्या.

"तू गप गं."

नेहमीसारखं मान डोलावून निघून जावं, असं तिला क्षणभर वाटलं. मग ती त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. त्यांच्या हातातला सदरा तिनं हळूच काढून घेतला, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

"बातमी संपली, गाणं लावलं आणि टेबलावर डोकं ठेवून मी ढसाढसा रडले. फोनवर पुलाजवळचे शिंपी म्हणाले, तेव्हा कुठले, हे विचारायला हवं होतं. कामच आहे माझं ते. पण मला सुचलंच नाही, काका. मला दुसरे कोणी आठवलेच नाहीत."