डावा कान उद्या सकाळी

नाक मुरडू नका. कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानावर जो पिंजारलेला, फाटक्या कोटातला कुत्रा उभा आहे ना, तोच मी. पानावर आहे ती माझी छापील नक्कल. अस्सल मी इथे, सायकल दुरुस्तीच्या दुकानात, हवेच्या पंपाच्या वर भिंतीला टांगलेला. माझा उजवा कान कुत्र्याचा आहे. डावा कशाचा आहे, यावर गिऱ्हाइकांचं एकमत होत नाही. कुणी म्हणतं चप्पल, कुणी म्हणतं कोबीचं पान.

मी जन्मतःच म्हातारा. माझा कागद छापखान्याच्या माळ्यावर पन्नास-साठ वर्षं पडून पिवळा झालेला होता. ज्यानं मला काढलं त्याला सगळे दादा म्हणत. त्याच्या दुप्पट वयाचे छापखानेवाले काकासुद्धा दादाच म्हणत. त्याला असलाच जुनाट कागद लागे, आणि टाक आणि काळी शाई. "लोकांना नवंच हवं असतं," तो म्हणे, "पण आजोबांच्या ट्रंकेतून काढल्यासारखं दिसणारं." त्याची जनावरंही तशीच. सगळ्यांच्या अंगात जुन्या जमान्यातले कोट, डोक्यावर टोप्या, आणि एकाचाही कोट धड नाही.

यंदा काकांनी त्याला कॅलेंडरसाठी बारा जनावरं सांगितली. दादा जनावरं शोधायला लांब गेला नाही. जवळपासच भरपूर होती. जानेवारीतला, चष्मा लावून वर्तमानपत्र चघळणारा बोकड म्हणजे काका. मार्चमधली, छत्री उगारून सगळ्यांवर डाफरणारी कोंबडी म्हणजे वहिनी, दादाची बायको.

"मी अशी दिसते?" वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"छे गं! तुझ्याकडे छत्री कुठे आहे?"

ऑगस्टमध्ये टाय लावलेलं, आरशात बघून स्वतःवरच खूश झालेलं गाढव होतं. ते कोण हे दादा सांगत नसे. पण त्याच्या स्वतःच्या नाकावरचा तीळ जसाच्या तसा गाढवाच्या नाकावर होता.

डिसेंबरमधला मी म्हणजे दादाचा धाकटा भाऊ, झिपऱ्या. हे सायकलचं दुकान त्याचंच. शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या केसांची आणि कंगव्याची ओळख नाही. डोक्यात आलं की करून मोकळा, विचार नंतर. घरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं म्हणून त्यानं एकदा ते उघडलं. तेव्हापासून ते मागे पडत नाही, आणि पुढेही जात नाही.

दादाची एक रीत होती. चित्र पुरं करायचं, फक्त डावा कान बाकी ठेवायचा. "डावा कान उद्या सकाळी," असं म्हणून उठायचं. सकाळी चहाचा कप घेऊन चित्रासमोर उभं राहायचं. हसू आलं तर कान काढायचा. नाही आलं तर चित्र टराटरा फाडायचं.

"अहो, चांगलं होतं की!" वहिनी हळहळायची.

"काल चांगलं होतं. जो विनोद एक रात्र टिकत नाही, तो महिनाभर भिंतीवर काय टिकणार?"

मला त्यानं संध्याकाळी काढलं. कोटाचं लोंबतं बटण रंगवून झालं, टाक धुतला, "डावा कान उद्या सकाळी" म्हणाला आणि उठला. मग छातीवर हात ठेवून परत खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सकाळ झाली. माझ्यासमोर कुणी आलं नाही.

महिन्यानं काका आले. बराच वेळ चष्मा पुसत बसले. "अकरा छापून तयार आहेत," शेवटी म्हणाले. "पण हा एका कानाचा कसा छापू? दुसऱ्या चित्रकाराकडून कान काढून घेऊ?"

झिपऱ्या उसळला. "दादाच्या चित्राला परक्याचा हात लागणार नाही!"

"मग जानेवारीतला बोकडच परत छापतो."

"कशाला? वर्षातून एकदा तुम्ही पुरे!"

वहिनीनं मला कोपऱ्याला धरून उचललं. "छापायचं काय घेऊन बसलात? त्यांची रीत म्हणजे रीत. महिनाभर रोज सकाळी बघतेय मी याला. हसू येत नाही. भाऊजी, तुम्हाला येतं?"

झिपऱ्यानं मान खाली घातली.

"मग हे नापास. नापास चित्र घरात ठेवलेलं त्यांना चाललं नसतं." आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं मला फाडायला माझ्या कडेवर आली. मी तर जीव मुठीत धरला. नुसता पंजाच होता, पण धरला.

"वहिनी, थांब!" झिपऱ्या ओरडला. "याचा कान कुठे झालाय अजून? अर्ध्या पेपरावर कुणी नापास करतं का? उद्या सकाळी कान काढू. मग बघ. नाही हसू आलं तर मी स्वतः फाडतो."

"काढणार कोण?" काकांनी विचारलं.

"मी!"

बोलून गेला आणि मग घाबरला. नेहमीसारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या सायकलची चेन बसवून तो तसाच माझ्यासमोर येऊन बसला. पाना आणि पंक्चरच्या ट्यूबपलीकडे त्या हातांना काही माहीत नव्हतं. आधी माझ्या पोटावर ग्रीसचा अंगठा उमटला. मग त्यानं टाक दौतीत पार बुडापर्यंत बुडवला. आता कुठून सुरू करावं म्हणून कान खाजवत विचार करत बसला. तेवढ्यात टपकन शाई पडली, बरोबर माझ्या डोक्यावर.

"मेलो!" त्यानं बाहीनं पुसलं. डाग पसरला. डागाला वळण द्यायला रेघ ओढली, तर टाक कागदात रुतला आणि शिंतोडे उडाले. एक घसरगुंडी माझ्या खांद्यापर्यंत गेली. तोच माझा कान.

झिपऱ्यानं टाक खाली ठेवला. महिनाभर त्याच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. "दादा, वाट लावली रे मी तुझ्या कुत्र्याची."

वहिनी चहा घेऊन आली. तिनं आधी मला पाहिलं, मग त्याला. खाजवून खाजवून त्याचा डावा कान काळाकुट्ट झाला होता. केस उभे, शर्टाचं एक बटण लोंबतंय, नाकावर शाई. आम्ही दोघं एकमेकांशेजारी, सारखेच रडवेले.

"अगं बाई!" ती म्हणाली. आधी तिनं ओठ दाबून पाहिले. मग खांदे हलले, मग चहा बशीत सांडला. ती तिथेच जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. "भाऊजी, आरशात बघा हो! हुबेहूब! अगदी कानासकट!"

झिपऱ्या आरशापाशी गेला, आणि रडता रडता फिसकन हसला.

वहिनीनं पदरानं डोळे पुसले. हसण्याचं पाणी कुठलं आणि दुसरं कुठलं, ते मला कळलं नाही. "पास," ती म्हणाली.

काकांनी छापण्याआधी विचारलं, "पोटावरचा अंगठा तरी पुसू का रे?" दोघंही एकदम ओरडले, "हात लावायचा नाही!"

या डाव्या कानानं मी ऐकलेला पहिला आवाज वहिनीच्या हसण्याचा. म्हणून कानाला नावं ठेवू नका, एवढीच विनंती. तुमच्या भिंतीवर डिसेंबर उघडला की मला घाईनं हसू नका. एक रात्र जाऊ द्या, सकाळी चहा घेऊन या.

झिपऱ्या तसाच येतो. दुकान उघडलं की आधी माझ्यासमोर कप घेऊन उभा राहतो. कधी लगेच हसतो. कधी चहा पार निवून जातो तरी त्याला हसू येत नाही. तेव्हा मी पुन्हा जीव पंजात धरतो, रीत म्हणजे रीत. पण तो नुसता माझी चौकट सरळ करतो आणि म्हणतो, "असू दे. उद्या सकाळी बघू."