बिजागरीकडून ढकललेला दरवाजा

मित्रांनो, मी गोठ्यातला एक जुना दरवाजा आहे. लोखंडी पाइपांचा, माणसाच्या छातीएवढा उंच, हिरवा रंग जागोजाग उडालेला. माझ्याकडे बघून कुणी थांबावं असं माझ्यात काही नाही. पण बिजागरीच्या बाजूला माझा मधला पाइप वाकला आहे, आणि नवीन माणूस आला की पहिला प्रश्न तोच विचारतो. कुणाची गाडी आदळली का? कुणी हातोडा मारला का? तसं काही झालेलं नाही. जे झालं ते मी अंगावर सोसलं आहे, तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. वेल्डर हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ होता. जनावरांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या एक बाई एके सकाळी त्याच्याकडे कागदावर चित्र काढून घेऊन आल्या. गाईने डोक्याने ढकललं की दरवाजा उघडावा, सोडलं की आपोआप मिटावा. वर कप्पी, कप्पीवरून दोर आणि दोराच्या टोकाला लोखंडी चकत्या. चकत्या वाढवत नेल्या की दरवाजा जड होत जाईल.

वेल्डरने कागद उलटसुलट करून पाहिला. "बाई, दरवाजा उघडायला सोपा हवाय की अवघड, ते एकदा ठरवा."

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "गाय काही तोंडाने सांगणार नाही. तिला एखादी गोष्ट किती हवी आहे, हे ती किती जड दरवाजा ढकलते त्यावरून आपण ओळखायचं."

"आजवर चोरांना अडवणारे दरवाजे केले. आता गाईंची विचारपूस करणारा करू," असं पुटपुटत तो कामाला लागला. पण काम त्याने जीव ओतून केलं. कुठे धार राहायला नको म्हणून माझे सगळे सांधे घासले आणि शेवटी स्वतःचं कपाळ माझ्यावर टेकवून पाहिलं. ते कपाळ मला अजून आठवतं.

मग मी संशोधनाच्या गोठ्यात आलो. तिथे गाईंची देखभाल करणारे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांना सगळेच मामा म्हणत. दर शनिवारी ते माझ्या बिजागऱ्यांना तेल घालत आणि माझ्याशी बोलत. "काय साहेब, आज कुणाची परीक्षा?" असं विचारत.

काम असं चाले. गाय माझ्या अलीकडे, तिला हवी असलेली गोष्ट माझ्या पलीकडे. रोज एक चकती वाढायची. गाईला माणसाकडे बघून काही सुचू नये, म्हणून बाई एका फळ्यांच्या आडोशामागे स्टुलावर बसत. फळ्यांच्या फटीतून बघायचं, घड्याळ लावायचं, दहा मिनिटांनी वहीत लिहायचं.

आणि काय सांगू मित्रांनो, मी थक्क होत गेलो. हिरव्या चाऱ्यासाठी गाई जोर लावतील हे मलाही वाटलं होतं. पण पुढे माझ्या पलीकडे एक फिरता ब्रश लावला. नुसती पाठ घासून घ्यायला. त्या ब्रशसाठी गाईंनी जवळजवळ तेवढाच जोर लावला! कोरड्या पेंढ्यावर नुसतं बसायला मिळावं म्हणून एका गाभण गाईने मला सहा चकत्यांसकट उघडलं आणि आत जाऊन असा सुस्कारा सोडला की आडोशामागे बाईंचं पेन थांबलं. ज्यांना लोक मुकी म्हणतात, ती जनावरं माझ्या अंगावर रोज काही ना काही सांगून जात होती. ते ऐकायला मिळावं एवढं माझं भाग्य होतं.

मग वासरांची पाळी आली. तोवरची रीत अशी होती की वासरू जन्मलं की त्याच दिवशी लांबच्या शेडात न्यायचं. बाईंनी वरच्या साहेबांकडे वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठे काही वासरांना तीन महिने आईजवळ ठेवायची परवानगी मिळाली. आईशेजारचे कप्पे होते सहा, आणि तेव्हा व्यायलेल्या गाई होत्या सात. ज्या गाईला वासराची ओढ सगळ्यांत कमी, तिचं वासरू सोमवारी लांबच्या शेडात जाणार, असं ठरलं. ओढ कोण मोजणार? तर मी. खरं सांगतो, माझी छाती फुगली होती.

सातवी गाय कानतुटी. एका कानाचा तुकडा लहानपणीच गेलेला, आणि मागचा एक पाय लंगडा. तिची आधीची चार वासरं जन्मल्या दिवशीच नेली होती. हे पाचवं. ती उशिरा व्यायली, म्हणून तिला सरावाचे दोनच दिवस मिळाले. त्या दोन दिवसांत माझ्यावर एकही चकती नव्हती, त्यामुळे तिने कुठूनही ढकललं तरी मी उघडत होतो.

तिसऱ्या दिवशी चकत्या लागल्या. तिचं वासरू अशक्त होतं. ते पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे पेंढा जाड होता, तिथे पडून होतं. तो कोपरा माझ्या बिजागरीच्या बाजूचा. कानतुटी सरळ वासराच्या समोर गेली आणि तिथेच तिने कपाळ लावलं.

तुम्ही घरी जाऊन करून बघा. दार कडीच्या बाजूने एका बोटाने उघडतं. तेच दार बिजागरीजवळ ढकला, घाम फुटेल. कानतुटीला हे कुणी सांगणार? ती ढकलत राहिली. तिचा श्वास माझ्या पाइपावर गरम लागत होता. तिचा लंगडा पाय घसरायचा, ती सावरायची, पुन्हा कपाळ लावायची. वासरू बारीक आवाजात ओरडायचं, की ही आणखी जोर करायची. तेव्हाच माझा पाइप वाकला. आणि मी मिटलेलाच राहिलो. माझ्या आयुष्यात मला माझी इतकी लाज कधी वाटली नाही.

आडोशाच्या फटीतून बाईंना फक्त माझी कडीची बाजू दिसत होती. तिथे कुणीच नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांनी वहीत लिहिलं, 'ओढ नाही.' दुसऱ्या दिवशी एक चकती कमी केली, तरी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

शनिवारी मामा तेल घालायला आले. बिजागरीवर हात फिरवता फिरवता त्यांचा अंगठा वाकलेल्या पाइपावर थांबला. तिथे पांढरे केस चिकटले होते. मामा उठून कानतुटीजवळ गेले, तिचं केस गेलेलं कपाळ पाहिलं आणि तसेच बाईंकडे गेले.

"बाई, हिला ओढ नाही असं लिहिलंय तुम्ही?"

"मामा, मला जे दिसलं तेच मी लिहिते."

"मग जरा या बाजूने येऊन बघा."

बाई आल्या. गुडघे टेकून बसल्या. बराच वेळ त्या पाइपावर बोट फिरवत राहिल्या. मग उठल्या, चकत्या तशाच ठेवून त्याच जागी खांदा लावला आणि मला ढकललं. मी हललो नाही. मामांनीही खांदा लावला. दोघांनी मिळून जोर केला, मामांची टोपी खाली पडली, तरी मी हललो नाही.

"तीन दिवस," बाई म्हणाल्या. "तीन दिवस ही इथे ढकलत होती आणि मी तिकडे घड्याळ बघत होते."

मामांनी टोपी उचलून झटकली.

रविवारी बाईंनी स्वतः पेंढा उचलून कडीच्या बाजूला नेला आणि वासराला त्यावर बसवलं. आधी चकत्या काढून कानतुटीला तिथून एकदा ढकलू दिलं. मग चकत्या चढवल्या. बाकीच्या गाईंपैकी सगळ्यांत जोरकस गाय आठ चकत्यांवर थांबली होती. लंगडी कानतुटी आठ चकत्यांना थांबली नाही. नववीला तिचे पाय थरथरले, खुरांखाली जमीन खरवडली गेली, आणि मी उघडलो. असा उघडलो की माझा मलाच आनंद झाला. तिने आत जाऊन वासराला आधी हुंगलं आणि मग चाटायला सुरुवात केली. कान, डोळे, पाठ, पुन्हा कान. मामांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मग आता सगळ्यांत कमी चकत्या उचलणाऱ्या गाईचं वासरू पाठवायचं का?"

बाईंनी ओळीने सहा कप्प्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या आडोशाकडे पाहिलं. आत स्टूल होतं, कोपऱ्यात पाण्याची बाटली होती.

"हा आडोसा काढा," त्या म्हणाल्या. "इथे सातवा कप्पा होईल. मी उभी राहून बघेन."

सोमवारी वेल्डर आला. आडोशाच्या फळ्या निघाल्या, कुंपण लागलं, आणि सातव्या कप्प्याला दरवाजा म्हणून मलाच बसवलं. चकत्या आणि दोर कायमचे उतरले. वेल्डर माझा पाइप सरळ करायला हातोडा घेऊन बसला, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. "तो तसाच राहू द्या." वेल्डर फटकळ खरा, पण त्या दिवशी त्याने हातोडा मुकाट्याने पिशवीत टाकला. बाईंनी वही उघडली, 'ओढ नाही' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'मला दिसलं नाही.'

याला आता खूप वर्षं झाली. कानतुटी गेली. ते अशक्त वासरू चांगली धष्टपुष्ट गाय झालं, आणि तिची वासरं याच कप्प्यात वाढली. तेल घालायला मामा नाहीत, त्यामुळे माझ्या बिजागऱ्या गंजून जाम झाल्या आहेत. पण दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. बाईंचे केस पांढरे झालेत, तरी त्याच त्यांना घेऊन येतात. काही शिकवण्याआधी त्या एकेकाला माझा वाकलेला पाइप ढकलून बघायला सांगतात. तरणीताठी मुलं-मुली खांदा लावतात, लाल होतात, हसतात. मग बाई कानतुटीची हकिगत सांगतात, आणि हसू थांबतं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. एखादं जनावर गप्प उभं दिसलं, की त्याला काही नको आहे असं वहीत लिहून मोकळे होऊ नका. जागेवरून उठा आणि पलीकडच्या बाजूने जाऊन बघा. तिथे कदाचित कुणीतरी केव्हापासून ढकलत असेल.